पित्याचे पंधरा दिवस

आपल्या परंपरेत बाळाच्या जन्मानंतरचा पहिला संस्कार म्हणजे जातकर्म, आणि तो करावयाचा पित्याने. अपत्याचे स्वागत व संगोपन हे एकट्या मातेचे काम नव्हे, ही जाण त्या विधीत आहे. आपल्या शासकीय रजानियमांत मात्र तिचा मागमूस दिसत नाही.

केंद्र सरकारच्या सेवेतील मातेला १८० दिवसांची पगारी प्रसूती रजा मिळते. शिवाय २००८ पासून दोन अपत्यांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची रजा आहे. हे स्वागतार्हच आहे. पण पित्याच्या वाट्याला येतात ते अवघे १५ दिवस! संगोपन रजा पुरुषालाही मिळते; मात्र तो विधुर, घटस्फोटित वा अविवाहित, म्हणजे एकटा पालक असेल तरच. पत्नी घरात असताना मूल वाढविणे हे पतीचे कर्तव्य नाही, असाच याचा अर्थ होत नाही काय?

एकत्र कुटुंबात आजी, काकू, आत्या बाळंतिणीभोवती असत. आज बदलीच्या गावी, दोन खोल्यांच्या सरकारी निवासस्थानात तान्ह्या बाळासोबत उरते ती एकटी आई. कुटुंबव्यवस्थेचा गौरव व्यासपीठावरून करणाऱ्यांनी हे वास्तव नाकारून चालणार नाही.

‘सरकारी नोकरांचे आणखी किती लाड?’ असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो गैर नाही. शेतमजूर मातेला पहिल्या अपत्याच्या वेळी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून मिळतात ते ५,००० रुपये. पगारी रजा तिच्या स्वप्नातही नाही. परंतु एकीची उपेक्षा हे दुसरीला एकटे ठेवण्याचे समर्थन होऊ शकत नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मातेच्या विश्रांतीचा संबंध राष्ट्रहिताशी जोडला होता आणि त्या खर्चाचा भार शासनाने उचलावा, अशी भूमिका मांडली होती. त्या विचाराचा विस्तार तळापर्यंत झाला पाहिजे.

सिक्कीमसारख्या छोट्या राज्याने २०२३ मध्ये मातेला १२ महिने व पित्याला एक महिना रजा देण्याची घोषणा केली. केंद्रानेही पित्याची रजा वाढवावी आणि संगोपन रजा माता-पित्यांना आपसांत वाटून घेता येईल, अशी तरतूद करावी. अर्थात, नियम सरकार बदलू शकेल. रजा घेऊन पाळण्याजवळ बसायचे ते पित्यालाच.