'चोर बीटी'ची उघड शेती

वसई-विरारच्या शिवारात कापूस नाही. इथे भात, केळी आणि भाजीपाला. तरीही ऐन पावसात तण काढायला माणूस मिळत नाही, हे गाऱ्हाणे इथल्या वाडीवाल्यांनाही नवे नाही. विदर्भात याच अडचणीने शेतकऱ्याला कायद्यासमोर उभे केले. 10 जून 2019 रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने परवानगी नसलेल्या, तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाचे, म्हणजेच 'चोर बीटी'चे बियाणे जाहीरपणे पेरले. गुन्हे दाखल झाले. बियाणे मात्र थांबले नाही.

कारण शेतात दिसते. कपाशी सुरुवातीला सावकाश वाढते, ओळींत जागा मोकळी राहते आणि पहिले दोन महिने लव्हाळा, हराळी, केना यांचेच राज्य असते. डवरणीने ओळींमधले तण निघते. झाडाच्या बुडाशी खुरपेच लागते, आणि ते बहुतेक बायकांच्या हातात असते. झड लागली की डवराही चालत नाही. एचटीबीटीवर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले तर तण जळते, पीक तगते. निंदणीच्या मजुरीने पिचलेल्या माणसाला हा मोह पडणारच.

बोंडअळीविरोधी बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली. तणनाशक सहन करणाऱ्या वाणाचा अर्ज मात्र अर्जदार कंपनीनेच 2016 मध्ये मागे घेतला. त्यामुळे आज हे बियाणे पावतीशिवाय विकले जाते. ते उगवले नाही तर दाद कुणाकडे मागायची? चोरीच्या मालाला हमी नसते.

म्हणून परवानगी देऊन मोकळे व्हावे, असेही नाही. अमेरिकेत जॉर्जियाच्या कपाशीतच ग्लायफोसेटला न जुमानणारा रानमाठ निपजला. वसईच्या बाजारात जुडीने मिळणाऱ्या माठाचाच तो भाऊबंद. शिवाय 2017 मध्ये यवतमाळात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. तिथे आणखी एक फवारणी वाढवताना हातमोजे आणि मास्क कोण पुरवणार, हे आधी ठरले पाहिजे.

या वाणाच्या खुल्या, सरकारी देखरेखीखालच्या चाचण्या घेऊन निकाल जाहीर करावा. होकार असो वा नकार, तो लेखी आणि मुदतीत हवा. तोवर कारवाई करायचीच तर ती बियाण्याच्या साठेबाजावर करावी, पेरणाऱ्यावर नव्हे.