देशोदेशींच्या वाटा : हिमावरील पाऊलखुणा

मॉरिशसमध्ये हिवाळा येतो तो उसाच्या तोडणीबरोबर. क्यूरपिपच्या रहिवाशांना तेवढ्यापुरता लोकरी सदरा आठवतो. याहून अधिक थंडीचा जाच या बेटास ठाऊक नाही. परंतु पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे, अलास्का प्रांतात, अशी एक वाट आहे की जी थंडी पडल्यावाचून अस्तित्वातच येत नाही. उन्हाळ्यात तेथे दलदल, नद्या आणि डासांचे थवे. हिवाळ्यात नद्या गोठल्या, दलदल दगडासारखी झाली, म्हणजेच माणसाला पाय ठेवावयास जागा मिळते. सूअर्ड बंदरापासून बेरिंग समुद्राकाठच्या नोम गावापर्यंत जाणाऱ्या या वाटेस इडिटारॉडची वाट म्हणतात. वसंतात ती वितळून जाते आणि पुढील हिवाळ्यात कोणीतरी ती पुन्हा तुडवून काढावी लागते.

अथबास्कन आणि इनुपिआट या तेथील मूळच्या लोकांनी शिकारीसाठी व देवघेवीसाठी या प्रदेशातील पाऊलवाटा प्रथम पाडल्या. पुढे 1898 साली नोमजवळ सोने सापडले आणि परदेशचे लोक लोटले. कित्येक जण कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी आले. परंतु 1900 साली एड जेसन नावाचा एक इसम डॉसन शहरातून चक्क सायकलवर बसून, गोठलेल्या युकॉन नदीवरून, नोमला जाऊन पोहोचला. कडाक्याच्या थंडीत चाकांचे तेल थिजे व रबरी धावा ताठ होत. तथापि सायकलीस कुत्र्यांप्रमाणे मासे खाऊ घालावे लागत नाहीत, हा तिचा मोठाच गुण होता.

या प्रदेशाच्या हिवाळ्याची खरी कसोटी मात्र 1925 सालच्या जानेवारीत लागली. नोममध्ये मुलांना घटसर्पाची बाधा झाली. गावात डॉक्टर कर्टिस वेल्च हे एकटेच वैद्य, आणि त्यांच्याजवळचे औषध जुने, मुदत संपलेले. समुद्र गोठल्यामुळे जहाज येणे शक्य नव्हते. त्या काळची उघडी विमाने अशा थंडीत धाडण्यास अधिकारी धजेनात. अँकरेजच्या रुग्णालयात औषधाचा थोडा साठा निघाला. तो आगगाडीने नेनानापर्यंत आला. तेथून नोम 674 मैल. टपालाच्या गाडीस ते अंतर तोडण्यास साधारणतः पंचवीस दिवस लागत. घशात पडदा धरलेले मूल तितके दिवस वाट पाहू शकत नाही.

अखेर टप्प्याटप्प्याने धावण्याचे ठरले. वीस सारथी आणि सुमारे दीडशे कुत्री. 27 जानेवारीच्या रात्री पहिला गाडीवान बिल शॅनन निघाला. पहिला टप्पा संपला तेव्हा त्याचा चेहरा हिमदंशाने काळा पडला होता. वाटेत पारा शून्याखाली 45 अंश सेल्सियसच्या आसपास उतरला. चार्ली एव्हन्स याची पुढची दोन कुत्री थंडीने कोसळली. तेव्हा त्याने ती गाडीत घातली, त्यांच्या जागी स्वतः जुंपून घेतले आणि औषध पुढच्या हाती दिले. सर्वांत लांबचा व धोक्याचा टप्पा नॉर्वेहून आलेल्या लिओनार्ड सेप्पाला याने आपल्या टोगो या म्होरक्या कुत्र्याच्या भरवशावर ओलांडला. टोगोचे वय तेव्हा बारा वर्षांचे होते. नॉर्टन उपसागराचे बर्फ वाऱ्याने केव्हा फुटेल याचा नेम नव्हता. इतर सारथ्यांच्या वाट्यास सरासरी 30 मैल आले. याच्या वाट्यास 91. शेवटचा टप्पा गुन्नार कासेन याने बाल्टो या कुत्र्याच्या पाठोपाठ पुरा केला. 2 फेब्रुवारीच्या पहाटे औषध नोमला पोहोचले. ते गोठले होते, परंतु गुण गेला नव्हता. एकंदर साडेपाच दिवस लागले होते.

यानंतर जे घडले ते जगाच्या रीतीस धरूनच घडले. जो शेवटी पोहोचला त्याचे छायाचित्र निघाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बाल्टोचा पुतळा उभा राहिला. टोगोचा पुतळा त्याच शहरात उभा राहावयास 2001 साल उजाडावे लागले. बाल्टोचा यात काय दोष? त्याने आपले काम चोख केले होते. परंतु वीस सारथ्यांपैकी कित्येक जण त्याच मूळच्या लोकांपैकी होते, आणि त्यांची नावे सामान्य वाचकाच्या कानी क्वचितच पडली. त्याहून खेदाची गोष्ट ही की, त्या साथीत दगावलेल्यांची अधिकृत संख्या पाच ते सात अशी सांगितली जाते. मूळ रहिवाशांच्या वस्त्यांतील कित्येक मुले मात्र नोंद न होताच पुरली गेली असावीत, असे खुद्द डॉक्टर वेल्च यांचे मत होते.

आज नोमला औषध विमानाने जाते. तरीही वाट ओस पडली नाही. 1973 सालापासून दर मार्चमध्ये तिच्यावर कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत होते. या शर्यतीत कुत्र्यांस फार ताण पडतो असा आक्षेप प्राणिमित्र घेतात, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. याच वाटेवर मनगटाएवढ्या किंवा त्याहूनही जाड धावांच्या सायकली चालवणारे, तसेच स्कीच्या लांब पट्ट्या पायांस बांधून जाणारे हौशी प्रवासीही दर हिवाळ्यात निघतात. बर्फ भुसभुशीत लागले तर सायकलस्वार धावांतील हवा कमी करतो. चढण आली तर स्कीवाला पट्ट्यांच्या तळाशी केसाळ कापड चिकटवतो, म्हणजे पाय मागे घसरत नाही. एवढे करूनही, पुढे कोणी बर्फ दाबून गेलेले नसेल तर सायकलस्वारास उतरून सायकल ढकलावीच लागते. पुढून गेलेल्याचे उपकार तेथे पावलोपावली कळतात.

ही गोष्ट मॉरिशसच्या वाचकास परकी वाटू नये. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढून गेलेल्या लाखो मजुरांचे पुतळे कोठे उभे आहेत? नोंदवहीतील एक क्रमांक आणि परक्या कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिलेले नाव, एवढेच कित्येकांचे मागे उरले. त्यांनीही आपापला टप्पा चालून ओझे पुढच्या हाती दिले. ज्यांनी ते शेवटी घरी आणले, ते शिकले, अधिकारपदी चढले, त्यांचे कौतुक अवश्य व्हावे. मात्र घरातील एखादे मूल जेव्हा पणजोबांचे नाव विचारील, तेव्हा ते सांगता यावे. हिमावरील वाट दर वर्षी नव्याने तुडवली नाही तर नाहीशी होते. नावांचेही तसेच आहे.