पहिला बोर्ड कुठला?

परवा ऑफिसातल्या मित्राने विचारलं, "हार्डवेअरशी खेळायचंय, पहिला बोर्ड कुठला घेऊ?" त्याच्या मनात ईएसपी-३२ भरला होता. वाय-फाय, ब्लूटूथ, वर स्वस्त! मी म्हटलं, बाबा रे, आधी आर्डुइनो ऊनो आर-३ घे.

कागदावर ऊनो म्हणजे म्हातारा गडीच. २०१० साली आलेला, १६ मेगाहर्ट्झ, रॅम २ केबी. (हो, केबीच!) पण नवशिक्या स्पीडमुळे अडत नाही, व्होल्टेजमुळे अडतो. ऊनो ५ व्होल्टवर चालतो, ईएसपी-३२ ३.३ वर. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर आपण सगळेच आधी आणतो. त्याची इको पिन ५ व्होल्ट बाहेर टाकते. ऊनोला त्याचं काहीच नाही. ईएसपीला मात्र मध्ये दोन रेझिस्टर लावायला विसरलात, तर पिन जाऊ शकते. माझी गेली. आणि मी दोन रविवार कोडमध्ये बग शोधत बसलो! सॉफ्टवेअरवाले ना आपण, संशय आधी कोडवरच. मग तो बोर्ड खणात गेला, तो वर्षभर तिथेच.

ऊनोची चिपही जळते म्हणा. पण सॉकेटवाला बोर्ड घेतला असेल तर ती उपटून दुसरी बसवता येते. दुकानात फक्त बूटलोडर टाकलेली मागायची.

वाय-फायचं काय? आधी ऊनोवर तो सेन्सर नीट चालू दे, मग खुशाल घे ईएसपी. आणि सोबत ते दोन रेझिस्टरही.