अंतर पालकांना विचारा

‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या.’ २०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं ही घोषणा देत नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली होती. भाम धरणात गाव गेलं. मागे राहिलेल्या कुटुंबांच्या मुलांची शाळा बंद करून त्यांना दुसरीकडे जायला सांगण्यात आलं. आईबापांनी ते मानलं नाही. शाळा नसेल तर पोरांच्या हाती बकऱ्याच येणार, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढच्याच वर्षी शिक्षण आयुक्तालयानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा, म्हणजे अनेक छोट्या शाळांची मिळून एक मोठी शाळा, उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. इतक्या कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांवर होत्या. दाखला दिला जात होता पानशेतच्या समूह शाळेचा. तिथे मुलांसाठी बस होती, चांगल्या वर्गखोल्या होत्या. समूह शाळेच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मलाही पटतो: एकाच खोलीत चार इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींची आणि वर्गात एकट्याच बसणाऱ्या मुलाची ओढाताण होते. पण मग बस कायम धावेल, याची हमी कोण देणार? निधी आटला, श्रावणात ओढ्याला पाणी आलं, गाडी नादुरुस्त झाली, की सातआठ वर्षांच्या मुलानं जायचं कसं? अशा वेळी सर्वांत आधी घरी बसते ती मुलगी. धाकट्या भावंडाला सांभाळायला तीच सापडते.

आणि पट आपोआप घटत नाही. गुरुजींची बदली होते, त्यांची जागा रिकामी राहते, उरलेल्या एका शिक्षकाला निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं लागतात. ज्यांना परवडतं ते पालक मुलांना इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात. मागे राहतात मजुरांची, मेंढपाळांची, ऊसतोड कामगारांची मुलं. मग त्याच घटलेल्या पटावर बोट ठेवून शाळा बंद करायची, हे मला अन्यायाचं वाटतं. याच महाराष्ट्रानं दोन हजार सालाच्या सुमारास वस्तीशाळा काढल्या होत्या. मूल शाळेपर्यंत पोचत नाही, तर शाळा वस्तीवर न्यायची, असा तो विचार होता.

शाळेसाठी एकत्र येणाऱ्या पालकांना ‘विकासाला आडवे येणारे’ म्हटलं जातं, याचा मला फार राग येतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या महिला असाव्यात असंही म्हटलं आहे. राज्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी समितीचं रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात. कामावरून दमून आलेली आई काय लिहिलंय हे न विचारता अंगठा उठवते.

म्हणून ज्यांच्या वाडीवर शाळा बंद करून मुलांना दूरच्या शाळेत पाठवण्याचा प्रस्ताव आला आहे त्यांनी आधी समितीची बैठक शाळेतच, सर्वांना सवड असेल अशा वेळी बोलवावी. नव्या शाळेची वाट मुलांना घेऊन स्वतः चालून बघावी, लागलेला वेळ आणि वाटेतले ओढे, जंगल, महामार्ग ठरावात लिहावेत. तोच विषय ग्रामसभेत घ्यावा. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये.