प्रकाशाची चिकित्सा

मुरमांना ग्रंथी मराठीत 'तारुण्यपिटिका' म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण रोग्याचे वय त्याने परस्पर ठरवून टाकले आहे. बेचाळिसाव्या वर्षी जिच्या हनुवटीवर दर महिन्याला तीन-चार लाल, ठणकणाऱ्या गाठी उठतात, त्या बाईने आपल्या दुखण्याला कोणत्या नावाने हाक मारावी? सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये या विकाराचे 'मुखदूषिका' असे नाव येते; सावरीच्या काट्यांची उपमा येते, आणि हा तरुणांचा रोग हेही येते. सावरीच्या खोडावरून ज्याने एकदा हात फिरवला आहे त्याला उपमा तत्काळ पटेल. वयाच्या बाबतीत मात्र परंपरेने माझ्यासारखीला दाराबाहेरच ठेवले आहे. त्या मानाने बोलीतला 'मुरूम' प्रामाणिक. रस्त्यावर पसरतात तोही मुरूम आणि चेहऱ्यावर येतो तोही मुरूम. वयाची अट दोन्हीकडे नाही.

भाषेत नाव नसले की दुखण्याला उपचाराऐवजी सल्ले मिळतात. "लग्न झालं की जातील" हे मी विशीत ऐकले, "एक मूल झालं की जातील" हे तिशीत. दोन्ही झाले. मुलगी यंदा दहावीत आहे आणि आम्ही मायलेकी बेन्झॉईल पेरॉक्साइडची एकच ट्यूब वापरतो; घरातल्या उशांच्या अभ्र्यांचे रंग त्या औषधाने कधीच उडाले. प्राध्यापक-कक्षात अजूनही कुणीतरी आपुलकीने विचारते, "मॅडम, पोट साफ होतं ना?"

डॉक्टरांकडे जात नव्हते असे नाही. प्रौढ स्त्रियांत हा विकार बहुधा जबड्याच्या कडेने दिसतो, त्यात संप्रेरकांचा वाटा मोठा असतो, हे मला नीट समजावून सांगितले गेले होते. प्रतिजैविकांच्या गोळ्या झाल्या. त्या चालू असेपर्यंत चेहरा निवळे, थांबल्या की पूर्ववत. अशा वेळी शहरातल्या एका दवाखान्याचे पत्रक हाती आले. निळ्या-लाल प्रकाशाची आठ सिटिंग, आठवड्याला दोन, प्रत्येकी वीस मिनिटे. गोळी नाही, सुई नाही, केवळ प्रकाश.

'केवळ प्रकाश' या दोन शब्दांपाशी मी थांबायला हवे होते. वीस वर्षे वर्गात रूपक शिकवणाऱ्या बाईला तेवढे कळायला हरकत नव्हती. सुझान सोन्टाग यांनी 'इलनेस ॲज मेटाफर' (१९७८) या पुस्तकात क्षय आणि कर्करोग यांच्याभोवती साचलेल्या रूपकांची झाडाझडती घेतली, आणि रोगाचे रूपक झाले की रोगी दुहेरी भरडला जातो हे दाखवून दिले. माझ्या बाबतीत रूपक रोगाला चिकटले नव्हते, उपचाराला चिकटले होते. प्रकाश म्हटले की आपल्या मनात ज्ञान, शुचिता, प्रभात अशी सारी मिरवणूक निघते. रसायन घातक असू शकते, शस्त्र घातक असू शकते. प्रकाश कसा असेल? पत्रक लिहिणाऱ्याने काही विशेष केले नव्हते. उरलेले काम माझ्या वाङ्मयीन संस्कारांनी केले.

वस्तुतः या उपचाराला इतिहास आहे, आणि तो पत्रकापेक्षा कितीतरी रंजक आहे. फेरो बेटांवर जन्मलेल्या निल्स फिनसेन या डॉक्टरने कोपनहेगनमध्ये कार्बनच्या दिव्याचा प्रकाश भिंगांनी एकवटून त्वचेच्या क्षयावर उपचार केले. त्याबद्दल १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. त्या रोगाचे नाव ल्युपस व्हल्गॅरिस, मुरमांचे शास्त्रीय नाव ॲक्ने व्हल्गॅरिस. लॅटिनमध्ये 'व्हल्गॅरिस' म्हणजे सामान्य, नेहमीचा. फुप्फुसाच्या क्षयाला साहित्याने केवढे सौंदर्य बहाल केले! तोच क्षय नाका-गालांची कातडी खाऊ लागला तेव्हा त्याच्या वाट्याला 'ल्युपस', म्हणजे लांडगा, हा शब्द आला. चेहऱ्यावर दिसणाऱ्या रोगाला रसिक सहसा भेटत नाहीत.

गंमत पुढेच आहे. अतिनील किरणांमुळे जंतू थेट मरतात, अशी फिनसेनच्या यशाची उपपत्ती शंभर वर्षे सांगितली गेली. २००५ साली डॅनिश संशोधकांनी त्याची जुनी भिंगे आणि गाळण्या तपासल्या, तेव्हा दिसले की जंतुनाशक अशा आखूड लहरी त्यांतून पलीकडे जातच नव्हत्या. क्षयाच्या जंतूंत पॉर्फिरिन नावाची द्रव्ये असतात. ती प्रकाश शोषतात, त्यातून ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील रूप तयार होते आणि जंतू मरतो, हे स्पष्टीकरण त्यांना अधिक संभाव्य वाटले. मुरमांतल्या जंतूंवर सुमारे ४१५ नॅनोमीटर लांबीच्या निळ्या प्रकाशाचा परिणाम याच मार्गाने होतो. लाल प्रकाश अधिक खोल जातो आणि दाह शमवतो, असे मानले जाते. म्हणजे पत्रकातला 'सौम्य' प्रकाश आपल्या कातडीत एक लहानसे विषारी रसायन घडवून आणतो. यात आक्षेपार्ह काही नाही, उपचार असेच असतात. पण मग त्याला औषधाचेच प्रश्न विचारले पाहिजेत.

ते विचारले गेले आहेत. २०१६ साली कॉक्रेन संस्थेने ७१ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत ४,२११ रुग्ण होते. पुरावा बहुतांशी कच्चा आहे आणि कोणत्याही एका प्रकाशाची ठाम शिफारस करता येत नाही, असा त्याचा सूर आहे. जंतू मरतात, पण तैलग्रंथी आणि संप्रेरके आपापल्या जागी राहतात. उपचार थांबला की जंतू परततात.

आमच्यासारख्यांसाठी आणखी एक प्रश्न आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. गव्हाळ-सावळ्या कातडीवर मुरूम बरा होतो, पण मागे काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. आपल्याकडच्या मुली डॉक्टरांकडे जातात त्या पुष्कळदा या डागांपायी. दृश्य प्रकाशानेही अशी कातडी काळवंडते, आणि तो काळेपणा टिकतो, हे २०१० साली प्रयोगाने दाखवले गेले. २०१४ च्या एका अभ्यासात ४१५ नॅनोमीटरच्याच जांभळट-निळ्या प्रकाशाने उमटलेला डाग तीन महिन्यांपर्यंत टिकला; लाल प्रकाशाने तसे झाले नाही. प्रयोगातली मात्रा आणि दवाखान्यातली मात्रा सारखी नसते, हे मान्य. तरी ज्या कातडीवर हा प्रकाश पडणार तिचा रंग कोणता, एवढा उल्लेख त्या पत्रकात असायला हवा होता. पत्रकावरची तरुणी गोरीपान होती.

माझा अनुभव थोडक्यात सांगते. डोळ्यांवर काळा चष्मा चढवून पडायचे. पापण्या मिटूनही कडेने निळाई झिरपते, यंत्र मंद घरघरते, चेहऱ्याला किंचित ऊब लागते. ती वीस मिनिटे मला आवडत. आठवड्यात तेवढाच वेळ कुणी काही मागत नसे. सहाव्या सिटिंगपर्यंत गालांवरचे बारीक मुरूम खरेच कमी झाले. हनुवटीच्या गाठी पाळीच्या आधी नेमाने आल्या. डाव्या जबड्यावरचा एक जुना डाग गडद झाल्यासारखा वाटतो. मुलगी म्हणते, तो तसाच होता. शेवटची दोन सिटिंग मी घेतली नाहीत.

मराठीत 'चिकित्सा' हा शब्द उपचारालाही आहे आणि कसून केलेल्या परीक्षणालाही. वर्गात मी दुसरा अर्थ शिकवते. दवाखान्यात गेले ती पहिला अर्थ घेऊन, दुसरा दाराशी ठेवून. अपेक्षा दवाखान्याकडूनही आहेच. पूर्वीची औषधे कोणती, हे त्यांनी विचारायला हवे होते, कारण मुरमांवरच्या काही प्रतिजैविकांनी त्वचा प्रकाशाला हळवी होते. मला ते कुणी विचारले नाही.

परवा एम.ए.ची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. गालांवर डाग, नजर पुस्तकावर. मी तो 'लाइटवाला' उपचार घेतल्याचे तिला कुठूनसे कळले होते. तिनेही घ्यावा का, एवढेच तिला विचारायचे होते; आठ सिटिंगची फी तिच्या खाणावळीच्या चार महिन्यांच्या बिलाएवढी होती. मी तिला वर लिहिलेले बहुतेक सगळे सांगितले, आधी सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जाऊन ये म्हटले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग प्रथमच माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहत म्हणाली, "पण मॅडम, तुमचे थोडे कमी झालेत ना?"

"झालेत," मी म्हटले. "थोडे."