अडकणारे वाचन

राजनांदगावच्या प्रवासात रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. टिळक तो वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनाशी, म्हणजे मत्तयाच्या पाच ते सात या अध्यायांशी, अडकले. पुढे १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या अडकण्याचे मला मोल वाटते. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून काढण्याचे तक्ते आपल्याकडे घरोघर असतात. शिस्त म्हणून ते चांगलेच, पण लेवीयच्या आसपास अनेकांची गाडी रुतते (पाळक मंडळींचीही!), आणि मग उरते ती खुणा भरण्याची घाई. ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ हे वाचून पुढचे पान उलटता येते, याचेच नवल वाटायला हवे. तिथे थांबावे, भाऊबंदकीतला एखादा चेहरा आठवावा आणि त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी. नाव ओठांवर येत नसेल, तर तेही प्रभूला सांगावे. टिळकांची प्रार्थना पुढे अभंगांतून वाहिली. आपली अडखळत चालली तरी हरकत नाही.

या अंकापासून हेच तीन अध्याय वाचू, एका वेळी दोन-चार वचने.