इंग्रजीच्या तासाला ब्लॉग हवा, इन्स्टाग्राम नको

शाळेत मोबाईलला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. त्यामुळे इंग्रजीच्या वर्गासाठी एक ब्लॉग सुरू करू या, असे म्हटले की स्टाफरूममध्ये भुवया उंचावतात. ‘सुट्टीत पोरं फोनला चिकटलेली असतातच, आता शाळेतही तेच का?’ प्रश्न रास्त आहे. पण ब्लॉग आणि इन्स्टाग्राम एकाच पोत्यात घालणे मला पटत नाही.

आपले कॅडेट इंग्रजी लिहितात कुठे, ते आधी पाहू. एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी २०० गुण इंग्रजीचे असतात. तो पेपर मात्र पर्याय निवडण्याचा. स्वतःचे एक वाक्यही लिहावे लागत नाही. बारावीच्या पेपरात लिहावे लागते, पण तेही साच्यात : नोटिशीचा चौकोन आखा, मजकूर ५० शब्दांत बसवा, खाली नाव आणि हुद्दा घाला. पुढे एसएसबीला गेल्यावर समोर एक चित्र येते आणि ४ मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची असते. अशा एकामागून एक १२ गोष्टी. त्यानंतर ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. तिथे पाठ केलेला निबंध कामाला येत नाही. मनात आलेले सरळ कागदावर उतरवण्याची सवय लागते, आणि ती लावणारा एकही तास आपल्या वेळापत्रकात नाही.

वहीत निबंध लिहून घेतो की, असे कोणी म्हणेल. घेतो. पण तो वाचणारा एकच माणूस, तोही हातात लाल पेन घेऊन बसलेला. ‘माय स्कूल’ या विषयावर शिक्षकाला काहीच नवे सांगायचे नसते, हे मुलाला पक्के ठाऊक असते. मग तो गाइडमधली वाक्ये उतरवतो. त्यात त्याचा दोष नाही. ज्याला सगळे माहीत आहे, त्याला काय सांगणार?

ब्लॉगवर वाचणारे बदलतात. सैनिक स्कूलमध्ये ६७ टक्के जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात आणि बाकीच्या इतर राज्यांतून आलेल्यांसाठी. म्हणजे एकाच हाऊसमध्ये शेजारच्या कॉटवर वेगळ्या भाषेचा मुलगा असतो. आमच्या आठवीच्या वर्गात एका मराठी कॅडेटने पोळ्यावर चार ओळी लिहिल्या आणि शीर्षक दिले ‘द बुल फेस्टिव्हल’. खाली ईशान्येकडच्या एका मित्राने इंग्रजीत विचारले, ‘तुम्ही बैलांची झुंज लावता का?’ आमचे चिरंजीव खवळले. त्या दिवशी बैलांना कामाला जुंपत नाहीत, त्यांना आंघोळ घालतात, शिंगे रंगवतात, पुरणपोळी खाऊ घालतात, हे सगळे आता इंग्रजीत समजावणे भाग होते. ‘दे आर बेद्ड, देअर हॉर्न्स आर पेंटेड, दे आर फेड’ अशी वाक्ये त्याने एका दमात लिहिली. पॅसिव्ह व्हॉइस मी तीन आठवडे शिकवत होतो, त्याची गरज त्याला पहिल्यांदा तेव्हा लागली.

दुसरा फायदा शिक्षकाचा. आपली बहुतेक मुले लिहितात, ‘आय ॲम इन धिस स्कूल सिन्स टू इयर्स.’ मराठीत ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘२०२३ पासून’ या दोन्ही ठिकाणी ‘पासून’ एकच. हिंदीत दोन्हीकडे ‘से’. इंग्रजीत मात्र कालावधीला ‘फॉर’, सुरुवातीच्या बिंदूला ‘सिन्स’, आणि सोबत ‘हॅव बीन’. तीस वह्यांत ही चूक तीस ठिकाणी विखुरलेली असते. ब्लॉगवर लेख एकाखाली एक दिसतात आणि मुले स्वतःच म्हणतात, ‘सर, सगळ्यांनी तेच लिहिलंय.’ अशी हाताला लागलेली चूक पुन्हा होत नाही असे नाही, पण होताना खटकते.

हे मोबाईलशिवाय जमते. आठवड्यातून कॉम्प्युटर लॅबचा एक तास पुरतो. पहिला मसुदा प्रेपच्या वेळात वहीत, पेनाने. ही अट मी सोडणार नाही, कारण हल्ली यंत्राला सांगितले की तयार निबंध मिळतो आणि त्यात एकही चूक नसते. ‘सिन्स’ची तर नसतेच. ब्लॉगर किंवा वर्डप्रेसवर ब्लॉग खासगी ठेवता येतो, म्हणजे निमंत्रण असेल त्यालाच दिसतो, आणि शिक्षकाने तपासल्याशिवाय कोणाचीही टिप्पणी झळकत नाही अशी सोयही आहे.

मग इन्स्टाग्रामला विरोध का? कारण तिथे वाक्यच लागत नाही. फोटो, दोन शब्द, एक अंगठा. फेसबुक-व्हॉट्सॲपवरचा मजकूर वाचनपाठ म्हणून मात्र जरूर वापरावा, शिक्षकाने निवडून, प्रोजेक्टरवर. एखादा खोटा फॉरवर्ड आणि त्याच विषयावरचा पीआयबी फॅक्ट चेकचा खुलासा शेजारी ठेवा. एकात सगळी मोठी अक्षरे, उद्गारचिन्हे, ‘डिलीट होण्याआधी शेअर करा’ अशी घाई. दुसऱ्यात कोण, कधी, काय. बातमीची भाषा आणि अफवेची भाषा यांतला फरक यापेक्षा सोप्या रीतीने शिकवता येणार नाही.

आता सुरक्षिततेचे. जुलै २०२० मध्ये भारतीय लष्कराने आपल्या जवान-अधिकाऱ्यांना ८९ ॲप्स फोनमधून काढायला सांगितली. त्यात फेसबुक होते, इन्स्टाग्रामही होते. ज्या नोकरीत हे पाळावे लागते, तिच्या उंबरठ्यावरच्या मुलांना आपण काय लिहू नये हेही शिकवायला हवे, आणि ते लिहिल्याशिवाय शिकवता येत नाही. आमच्या वर्गाचे नियम साधे आहेत. वडील फौजेत असतील तर त्यांची युनिट आणि पोस्टिंग लिहायची नाही. शाळेच्या सहलीचा किंवा कॅम्पचा कार्यक्रम आधी लिहायचा नाही. चेहऱ्याचे फोटो नाहीत. पूर्ण नावाऐवजी हाऊस आणि आद्याक्षर. पालकहो, इथे तुम्हालाही एक विनंती : आऊटपासच्या दिवशी काढलेला मुलाचा गणवेशातला फोटो, छातीवरच्या नावाच्या पट्टीसकट, सर्वांना दिसेल असा टाकू नका. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे. म्हणून ब्लॉगआधी संमतीपत्र घरी यावे, आणि ते वाचून सही व्हावी.

अडचण एकच खरी आहे, ती वेळेची. तीस लेख दर आठवड्याला वाचायचे, तेही लाल पेन बाजूला ठेवून, म्हणजे शिक्षकाचा दीड-दोन तासांचा वेळ. तो वेळापत्रकात धरला नाही तर ब्लॉग दिवाळीपर्यंत चालेल आणि मग शेवटच्या लेखावर धूळ बसेल. म्हणून माझी मागणी छोटी आहे. पुढच्या सत्रात आठवी आणि नववीच्या एकेका तुकडीपासून सुरुवात करावी. शनिवारी शेवटच्या दोन तासांना लॅब रिकामी असते.